धवल्यांचा फोल्डर

सापगाव, ता. शहापूर
१२ जानेवारी २०२५

चि. भाग्यश्रीस,

आशीर्वाद. हे पत्र काळूरामच्या हाती पाठवतेय. भाजीचा टेम्पो घेऊन तो किन्हवलीवरून तुमच्या मुरबाडला जातच असतो. तू म्हणशील, खिशात फोन असताना या बाईला लिहायचं काय सुचलं? अगं, फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं. मागच्या वेळी तू फोन आपटलास, त्याआधी मी आपटला होता. शेखर माझा भाऊ आणि तुझा नवरा, त्या बिचाऱ्यानं किती दिवस मधे पडायचं? शिवाय मला जे सांगायचंय ते एकेक पायरीनं सांगायचंय, कॉम्प्युटरशेजारी ठेवून वाचशील असं.

आधी आनंदाची बातमी. आमच्या समीक्षाचं ठरलं. एप्रिलच्या अखेरीला लग्न, हळद आदल्या दिवशी आमच्या दारात.

आता कामाचं. आई जाऊन वर्ष झालं. तिच्यासारखी धवलारीण मुरबाड-शहापुरात दुसरी नव्हती. मांडवात बसून ती धवले गाईपर्यंत नवरीच्या अंगाला हळद लागायची नाय. ते सगळे धवले तू तिच्या आवाजात फोनमध्ये भरून घेतलेस, फोन भरल्यावर पोरांच्या कॉम्प्युटरवर टाकलेस. मी मागते तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा तुकडा टाकतेस, शेजारणीला एक करंजी द्यावी तसा. अगं, आई माझी होती.

म्हणून एक सॉफ्टवेअर शोधलंय. नाव वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय. त्यानं दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांशी जोडले जातात, मधे कुणी तिसरा नाय. तुझ्याकडचा फोल्डर जसाच्या तसा माझ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर येईल. फक्त दोघींचे कॉम्प्युटर एकाच वेळी चालू पाहिजेत.

नाव शोधलंस की सगळ्यात वर जाहिरात दिसेल, तिला हात लावू नको. त्याखालची खरी साइट. तिथं ‘डाउनलोड’ लिहिलेलं साधं, बारकं बटण असतं. मोठी हिरवी, लुकलुकणारी बटणं दिसली तर समज की चुकीच्या दारात आलीस. फाईल उतरली की दोनदा टिचकी मार, कॉम्प्युटर परवानगी विचारील, हो म्हण. एवढं कर आणि कळव. पुढचं मग सांगते.

तुझी नणंद,
वत्सला


मुरबाड
२१ जानेवारी

ती. वत्सलाताईंस नमस्कार.

तुमचं पत्र काळूरामनं वांग्यांच्या क्रेटखाली ठेवलेलं, वाचताना हाताला माती लागली. समीक्षाचं ठरलं, ऐकून लय बरं वाटलं. शेखरनी लगेच सगळ्या आळीला सांगितलं.

तुमी जे करू नको म्हणून लिवलं ते आमी आधी केलं. हिरवं बटण इतकं मोठं होतं ताई, की बारकं दिसलंच नाय. काय उतरलं देव जाणे, कॉम्प्युटर बोंबलायला लागला, तुमच्या मशीनमध्ये घाण आहे, साफ करा, साफ करा. शेखर म्हणतात, बंद कर, लाईटचा मेन स्विच काढ. मी म्हटलं, तुमी जरा बाजूला व्हा. सगळं काढून टाकलं, तुमचं पत्र परत वाचलं, दुसऱ्या दिवशी बरोबर बारकं बटण सापडलं. आता कोपऱ्यात त्याचं चिन्ह आलंय. ते उघडलं की मधे लांबलचक नंबर दिसतो, त्याचं काय करायचं ते कळवा.

पण ताई, एक विचारू का? एवढ्या घाईनं सगळे धवले कशाला पाहिजेत? आईंनी मला शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, आपल्या घरची रीत आहे, धवले सुनेला द्यायचे, लेकीला नाय. लेक दुसऱ्याच्या घरी जाते, तिच्याबरोबर धवले पण जातात. आणि कुठं बाहेर पडले तर मग स्पीकरवर लावतील नि धवलारणीला कोण विचारील? माझा मांडवातला पाट त्याच्यावर आहे, साडीचोळीसाठी नाय म्हणत, मानासाठी म्हणते.

समीक्षाच्या हळदीला मी गाईनच. हिरवं नेसू की पिवळं, तेवढं आधी सांगा, मांडवातला रंग बघून घ्यायचाय.

भाग्यश्री


सापगाव
३० जानेवारी

भाग्यश्री,

साडीचं नंतर बघू. मांडववाल्यानं अजून रंग सांगितला नाय.

तो लांबलचक नंबर म्हणजे तुझ्या कॉम्प्युटरची ओळख. माझा नंबर सोबतच्या कागदावर छापून दिलाय. हातानं लिहिला असता तर तू चुकली असतीस आणि मग मलाच बोलली असतीस. ‘नवीन यंत्र जोडा’ असं येईल तिथं तो जसाच्या तसा टाक. मग माझ्या इथं घंटी वाजते, मी हो म्हणते, झालं. त्यानंतर ‘फोल्डर जोडा’ आणि तुझा धवल्यांचा फोल्डर निवड.

एक गोष्ट नीट वाच. हा फोल्डर दोघींचा होतो. तू एक गाणं टाकलंस तर माझ्याकडे येतं. तू पुसलंस तर माझ्याकडूनही पुसलं जातं. इथं पुसलं की तिथं पुसतं. त्यामुळे कॉम्प्युटरवर पोरं बसली तर त्या फोल्डरला हात लावू देऊ नको.

आता रीत. ती मला तू सांगू नको गो. माझ्या तोंडावर ती रीत आईनं इतक्या वेळा मारली आहे की मला झोपेतही ऐकू येते. आजी आणि आई ओटीवर बसून धवले म्हणायच्या आणि मला धाडायची विहिरीवर. मी दाराआड थांबले की ओरडायची, ‘वत्से, तुझं काय काम इथं? तू जायची परक्याच्या घरी.’ मी रडले, भांडले, काय उपयोग झाला नाय. मग तू आलीस. लग्न होऊन आलीस त्याच पावसाळ्यात आईनं तुला जवळ बसवलं. मला राग येणार नाय तर काय होणार? तुझी ती सासू. माझी आई.

ते जाऊ दे. सॉफ्टवेअर चालू कर आणि संध्याकाळी कॉम्प्युटर चालू ठेव.

वत्सला


मुरबाड
१५ फेब्रुवारी

ती. ताई,

जोडलं. तुमच्या नंबरपुढं हिरवी खूण आली तेव्हा मी एकटीच होते, टाळ्या वाजवल्या. फोल्डर निवडला. तुमच्याकडे काय काय पोचलं ते कळवा.

तुमी निरोप दिलात की उंबर आणायचा धवला आणि हळदीचा मोठा धवला अर्ध्यावर येऊन थांबतात. तर ताई, आमच्याकडे लाईटचं काय सांगू? रोज जाते. सांगून जाते, न सांगता जाते. मी काय करणार?

एवढंच लिहिते. घरात लय काम आहे, कडधान्य काढायचं चाललंय. साडीचं काय झालं ते कळवलं नाय तुमी.

भाग्यश्री


सापगाव
२४ फेब्रुवारी

भाग्यश्री,

तुझी लाईट मोठी शहाणी आहे गो. हळदीचा धवला नव्वद टक्क्यांवर आला की बरोबर तेव्हाच जाते. मी शेजारच्या सरिताला विचारलं, तुझ्याच आळीत तिची भावजय राहते. ती म्हणाली, लाईट काय गेली नाय, मालिका बघत होते की सगळे. मुद्दाम बंद करतेस तू. कर. पण सांगून ठेवते, त्या सॉफ्टवेअरला अर्ध्यावर सोडलेलं लक्षात राहतं. जिथं तोडलंस तिथूनच पुढं सुरू होतं. परवा तुझी ‘लाईट’ जायच्या आत हळदीचा धवला पुरा झाला.

आणि आता ऐक. मोठी गाणी अडकली होती तेव्हा बारक्या फाईली आधीच येऊन बसल्या होत्या. मला वाटलं, हे काय? लावून बघितलं तर आईचं बोलणं. तू धवला म्हणतेस, चुकतेस, आई थांबवते आणि बोलते, ते सगळं. तू बहुतेक आतला फोल्डर द्यायच्या ऐवजी बाहेरचा दिलास.

आई काय म्हणते माहिती आहे तुला, तूच भरून घेतलंयस. ‘हे वत्सीच्या गळ्यात कसं बसलं असतं!’ ‘वत्सी असती तर एकदा ऐकून म्हटलं असतं, तुला दहादा सांगावं लागतं.’ ‘काय गळा आहे गो माझ्या वत्सीचा, देवानं लेकीला दिला आणि घरात राहिली सून.’

मी खोटं कशाला बोलू? मला इतका आनंद झाला की दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं आणि मी तेच परत परत ऐकत होते. माझ्या नवऱ्याला ऐकवलं, समीक्षाला ऐकवलं, सरिता आली तिलाही ऐकवलं. आयुष्यभर मला वाटत आलं की आईला मी नको होते. आता कळलं कोण नको होतं.

हेच लपवून ठेवत होतीस ना?

वत्सला


मुरबाड
४ मार्च

वत्सलाताई,

मी बाहेरचा फोल्डर दिला. चूक माझी. आतमधे एक ‘धवले’ म्हणून वेगळा केला होता, त्याच्यात नुसती गाणी, तुमच्यासाठी निवडून. त्याच्यावर टिचकी मारायची ती वरच्यावर पडली.

हो, लपवत होते. मग काय करू? चव्हाट्यावर मांडू? मी लग्न होऊन आले तेव्हापासून तुमच्या गळ्याखाली दबलेय. भात लावताना, तांदूळ निवडताना, जेवताना, वत्सीचा गळा, वत्सीचा गळा. लोकं मांडवात मला मान द्यायची आणि घरी आले की आई म्हणायच्या, ‘आज कुठं घसरलीस ते सांगू?’ ते सगळं मी पुसून टाकायला पाहिजे होतं. पण त्यांचा आवाज होता ना त्याच्यात. पुसवलं नाय. कुणी ऐकणार नाय अशा बेतानं ठेवलं. आणि तुमी ते सरितेला ऐकवलंत! सरितेच्या भावजयीनं दुसऱ्या दिवशी नळावर मला तोंडावर विचारलं, काय गो, सासू तुला असं बोलायची?

आणि तिनंच दुसरं सांगितलं. तुमी हळदीला मोठा स्पीकर सांगितलाय. आईंचे धवले स्पीकरवर लावणार. धवलारीण कोण, तर कुणी नाय. आता माझ्या डोक्यात उजेड पडला. हे सॉफ्टवेअर, हा नंबर, ती हिरवी खूण, हे सगळं कशासाठी? तर भाग्यश्रीला मांडवात बसवायला लागू नये म्हणून. आणि मी येडी तुम्हाला साडीचा रंग विचारत बसले.

आज सकाळी फोल्डर उघडला आणि सगळं पुसलं. धवले, बोलणं, सगळं. तुमीच लिवलं होतं, इथं पुसलं की तिथं पुसतं. पुसलं का, ते बघा.

भाग्यश्री


सापगाव
११ मार्च

भाग्यश्री,

पुसलं.

मी दुकान उघडून कॉम्प्युटर चालू केला, चहा आणायला गेले, परत आले तर फोल्डर रिकामा. आधी वाटलं अजून यायचंय. मग एकेक नाव शोधलं. कचऱ्याच्या डब्यात बघितलं, तिथंही नाय. झेरॉक्सचं दुकान माझं, दिवसभर लोकांना सांगते, दाखल्याची एक कॉपी काढून ठेवा हो, आणि माझ्या आईची कॉपी मी काढून ठेवली नाय. शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडले.

तुला शिव्या घालायलाच पत्र लिहायला घेतलं होतं. पहिला कागद शिव्यांनीच भरला, तो फाडला. तुझ्या फोनमध्ये एक कॉपी असेल नाय तर नसेल, मी विचारणार नाय. मागायचं तोंड मला राहिलं नाय.

पण एक सांगायलाच पाहिजे. तू लिहिलंस, घरात कायम वत्सीचा गळा. आणि मला इथं फोनवर काय यायचं माहिती आहे? दर रविवारी आईचा फोन. ‘वत्से, आज भाग्यश्रीनं तळेगावच्या लग्नात असा धवला उचलला की बायांच्या डोळ्यांत पाणी.’ ‘सून मिळावी तर अशी.’ ‘तुझ्या लग्नात धवले मलाच गावे लागले, आता मी डोळे मिटायला मोकळी, भाग्यश्री आहे.’ माझी भाकरी तव्यावर करपायची आणि आईचं तुझं कौतुक संपायचं नाय. मला दाराआडून हाकलणाऱ्या बाईनं तुझी एवढी आरती ओवाळावी! मी काय दगडाची आहे?

हो, स्पीकर सांगितला होता. तू आईच्या जागी पाटावर बसलेली, सगळ्या बाया तुझ्याकडे बघतायत, हे मला माझ्या पोरीच्या हळदीत बघवलं नसतं. खरं ते एवढंच आहे. मेलेल्या आईचा आवाज चालला असता, तुझा जिवंत चालला नसता. हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय.

आता आवाजही नाय. स्पीकर नको म्हणून कळवलंय. समीक्षा मला म्हणाली, आई, मामीला बोलव, तुझ्या रागासाठी माझी हळद मुकी करू नको. तर बोलावते. ये. मांडव पिवळा आहे, तू हिरवं नेस.

वत्सला


मुरबाड
२६ मार्च

ती. ताई,

तुमचं पत्र शेखरनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, ‘आई मला तर काय म्हणायचीच नाय, ना चांगलं ना वाईट.’ आणि उठून गोठ्यात गेले.

आईंनी माझं कौतुक केलं, हे मला आज कळतंय. माझ्या तोंडावर एकदा सुद्धा नाय गो ताई. एकदा सुद्धा नाय. सांगितलं असतं तर काय झिजलं असतं त्यांचं?

येईन. हिरवं नेसेन. सगळे धवले म्हणेन, एक गाळणार नाय, कॉम्प्युटरमधून काय पण पुसलं जाऊ दे, माझ्या डोक्यातलं पुसत नाय.

पण माझी एक अट आहे. तुमी माझ्या शेजारी पाटावर बसायचं. नवरीची आई म्हणून इकडंतिकडं मिरवायचं नाय. मी पहिली ओळ म्हणीन, तुमी मागून उचलायची. रीत-बीत मी बघून घेते, आता आईंच्या नंतर घरची धवलारीण मी आहे, मी परवानगी देते. ज्या गळ्याचं नाव ऐकत ऐकत माझी अर्धी जिंदगी गेली, ज्याच्यावर मी रोज जळले, तो मी अजून ऐकलेला नाय. मला तो एकदा ऐकायचाय. सगळ्यांच्या समोर.

शब्द सोबत लिहून देतेय. पाठ करा. कमी दिवस राहिलेत.

भाग्यश्री


मुरबाड
५ मे

ती. वत्सलाताईंस नमस्कार.

लग्न दणक्यात झालं. समीक्षा हळदीत काय दिसत होती! तुमी दिलेली साडी आईंच्या फोटोला दाखवली आणि मगच ठेवली.

तुमी छान म्हटलंत हो. पहिल्यांदा पाटावर बसायचं म्हणजे घशाला कोरड पडतेच. माझी पण पडली होती. त्याचं काय मनाला लावून घेऊ नका. त्या भिवंडीकडच्या सावळीआत्या मात्र जबरदस्त निघाल्या, मामंजींची बहीण ना त्या? मागे बसून सगळे शब्द बरोबर उचलत होत्या, एक चुकला नाय. मी मांडवातच त्यांच्या पाया पडले. एवढ्या वर्षांत घरी कधी आल्या नाय म्हणून मला त्या माहीतच नव्हत्या.

शेखरनी हळदीचा पूर्ण व्हिडिओ काढलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर जात नाय, लय मोठा आहे. म्हणून मी परत फोल्डर जोडलाय. तुमच्याकडे घंटी वाजेल, हो म्हणा. या खेपेला माझी लाईट जाणार नाय, शपथ.

भाग्यश्री


सापगाव
१३ मे

भाग्यश्री,

आशीर्वाद. व्हिडिओ पुरा उतरला. तुझी लाईट शाबूत राहिली, आभार.

तू लिहितेस, छान म्हटलंत. मांडवात सगळ्या बायाही म्हणाल्या, वत्सलाताई छान, छान. मीही फुगून बसले होते. सांगू का, मला वाटलं होतं, मी तोंड उघडीन आणि तू गप्प होशील. तेवढ्यासाठी दुकानात शटर ओढून पाठ करत होते. मग काल तो व्हिडिओ लावला. आवाज मोठा केला. पहिल्यांदा तुझी ओळ आली. मग मागून कुणीतरी चिरकं, भलत्याच सुरात ओढलं. मी समीक्षाच्या बाबांना विचारलं, ही मधेच कोण बाई? ते चहा प्यायला लागले. मग मला कळलं.

परत लावलं. परत तेच. भाग्यश्री, मला गळा नाय. कधी नव्हताच. दाराआड उभी राहून मी जे गुणगुणायची, ते मलाच तेवढं गोड लागायचं.

मग मी सावळीआत्याला फोन लावला. बाबांचं आणि तिचं बांधावरून वाजलं तेव्हापासून तिचं आमच्याकडे येणं नव्हतं, या लग्नाला मीच हट्टानं आणली. तिला विचारलं, आत्या, तुला धवले कुणी शिकवले? ती म्हणाली, ‘तुझ्या आजीनं, आणखी कोण? माझ्या आईनं मला शिकवले.’ मी म्हटलं, आणि आपल्या घरची रीत? लेकीला द्यायचे नाय ती? आत्या म्हणाली, ‘असली कसली रीत गो? मी पण लेकच की त्या घरची. कुणी सांगितलं तुला?’

कुणी सांगितलं! मी फोन ठेवला. अशी रीत नव्हतीच. आईला माझा सूर ऐकूनच कळलं होतं. लेकीच्या तोंडावर, तुला गळा नाय, असं तिला म्हणवलं नाय, म्हणून तिनं रीत काढली. आणि तोच नसलेला गळा तुझ्यापुढं धरून तिनं तुला धवलारीण केलं. मला गप्प ठेवायला रीत, तुला चढवायला मी. काय पक्की बाई होती गो! आपण दोघी तिच्यामुळे एवढी वर्षं एकमेकींवर जळलो, आणि ती तिकडं दर रविवारी मला फोन करून तुझं कौतुक सांगत होती.

मला खूप रडायला आलं. मग हसायला आलं. मग परत रडायला.

तू त्या रात्री पाटावर बसून ऐकलंस ना माझा आवाज? तेव्हाच तुला कळलं असेल. तुझ्या मनात किती उकळ्या फुटल्या असतील! ते मला तोंडावर म्हण. आईनं जे म्हटलं नाय ते तू म्हण. मला ते तुझ्याकडून ऐकायचंय, व्हॉट्सअ‍ॅपवर नको, पत्रात नको, फोन कर. मी आपटणार नाय.

एक मात्र कबूल करते. इतकी वर्षं मी तुझ्यावर उगाच जळले. काल तुझा हळदीचा धवला ऐकला, आणि आता मात्र खरंच जळतेय.

वत्सला